भेट व तिचे ओझे

आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण आज टपाल कार्यालयात, तलाठ्याच्या कचेरीत, सहकारी सोसायटीत व दवाखान्यात चाकरीस आहेत. काम झाले म्हणजे गिऱ्हाईक वा अर्जदार संतोषाने नारळ, पेढे, कोंबडी, कधी लुगडेही पुढे करितो. ते घ्यावे काय?

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पूर्वी बलुतेदार खळ्यावर जाऊन आपले बलुते आणी. ते मिळविताना पुष्कळांस अपमान सोसावा लागे हे खरे. तरी ते कामाचे ठरलेले वेतन होते, भेट नव्हे. ज्यास महिन्याचा पगार आहे, त्याने त्याच कामासाठी पुन्हा हात पुढे करणे ही गोष्ट निराळी. नजराणा, दस्तुरी, चहापाणी, चिरीमिरी अशी किती गोंडस नावे आपण तिला दिली आहेत!

२ राजे, अध्याय ५ ह्यात नामान बरा झाल्यावर अलीशाने त्याची भेट नाकारली. पण चाकर गेहजी त्याच्या रथामागे धावला व धन्याचे नाव सांगून चांदी व वस्त्रे घेऊन आला. येथे देणारा खुशीने देत होता. तेव्हा ‘त्याने आपखुशीने दिले’ ह्या सबबीत फारसा जीव नाही.

इतिहासही हेच दाखवितो. १७५७ साली प्लासीच्या लढाईनंतर क्लाइव्हाने मीर जाफराकडून दोन लक्ष पौंडांहून अधिक द्रव्य घेतले. आणि १७६५ साली तोच गव्हर्नर होऊन परत आला, तेव्हा कंपनीच्या नोकरांकडून मोठे नजराणे न घेण्याचे करार लिहून घेऊ लागला! पुढे १७७३ च्या कायद्याने असे नजराणे मना झाले.

आजचे नियम अविचारी नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली झालेल्या वर्तणूक नियमांत तेरावा नियम भेटीविषयी आहे. सहज घडलेले जेवण त्यात भेट धरलेले नाही. परंतु ज्याचे काम आपल्यापाशी आहे, त्याचा थाटाचा पाहुणचार टाळावा असे सांगितले आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली फेरफार होऊन लाच देणाराही अपराधी ठरला. मात्र ज्यास बळेच द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत तपास अधिकाऱ्यांस कळविल्यास तो सुटतो. हे आपल्या गावकऱ्यांस अवश्य सांगावे.

कोणी म्हणेल, एका कोंबडीने काय बिघडते? कोंबडी देणाऱ्याचे काही बिघडत नाही. त्याच्या मागे रांगेत जी विधवा रिकाम्या हाताने उभी आहे, तिचे बिघडते. तिने ती कोंबडी पाहिली. उद्या नातवास दवाखान्यात आणण्यापूर्वी ती उसनवारी करील, नाहीतर येणारच नाही. आणि परिचारिकेने तिजपाशी काही मागितले होते काय? मुळीच नाही.

तथापि नाकारण्यातही जपावे लागते. ज्यांच्या हातचे पाणी पिढ्यानपिढ्या कोणी घेतले नाही, त्यांच्या घरची वस्तू ‘नको’ म्हणून परत केली, तर जुना विटाळच त्यांस आठवतो, व मन दुखावते. म्हणून अशा घरी जावे, ओट्यावर बसावे, त्यांच्या तांब्यातले पाणी प्यावे, चहा घ्यावा, आणि मग कोंबडी त्यांच्याच डालग्यात ठेवून यावे.