कळफलक आणि माऊस

सुतार नवा रंधा घेण्यापूर्वी तो हातात धरून पाहतो. संगणकावर दिवसभर लेखन करणारा मनुष्य मात्र दुकानदार पुढे करील तोच कळफलक व माऊस उचलतो आणि पुढे मनगटाच्या दुखण्याने हैराण होतो.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ मध्ये अमेरिकेत साकारलेला पहिला माऊस म्हणजे खाली दोन चाके बसविलेली लाकडी पेटीच होती. आजचे माऊस गुळगुळीत व घाटदार असतात. तथापि मोठ्या तळहाताखाली लहान माऊस आला की बोटे आखडतात. तेव्हा तो हातात धरूनच पारखावा.

कळफलकाची पारख अधिक सूक्ष्म आहे. स्वस्त कळफलकात कळांखाली रबराचा पातळ पडदा असतो. कळ जवळजवळ तळापर्यंत दाबावी लागते, आणि कालांतराने रबराचा जोर ओसरतो. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ अर्ध्यावर गेली तरी अक्षर उमटते. किंमत अधिक, पण आयुष्यही तसेच दीर्घ. त्याचा टकटकाट मात्र शेजाऱ्याला सोसावा लागतो!

कळफलकाच्या मागील कडेस घडीचे दोन पाय असतात. ते उभे करण्याचा मोह बहुतेकांना होतो. परंतु त्यामुळे मनगट मागे वाकते. ते मिटलेलेच बरे.