डेंग्यू : ताप उतरला तरी मुलावर लक्ष ठेवा



मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा चार दिवसांच्या तापानंतर शाळेत आला. अंग थंड होतं. सोडायला आलेली आई म्हणाली, "बाई, ताप गेला आता." पण पोरगा पोट धरून, दप्तरावर डोकं टेकून बसला. डबा उघडला नाही, दोनदा उलटी झाली. लगेच घरी फोन केला. दवाखान्यात डेंग्यू निघाला. वेळेवर सलाईन लागलं, म्हणून सुखरूप परत आला.

अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगदुखी, पुरळ ही डेंग्यूची लक्षणं आपल्याला माहीत असतात. ताप उतरला की आपण निर्धास्त होतो. बहुतेक रुग्ण बरेही होतात. पण काहींचा खरा धोका तिथेच सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो. रक्त घट्ट होतं, रक्तदाब घसरू शकतो. हे २४ ते ४८ तास फार महत्त्वाचे.

या काळात पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसलं, तरी थेट दवाखाना गाठा :

१. पोटात खूप दुखणं
२. सारख्या उलट्या
३. हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शी
४. खूप सुस्ती किंवा चिडचिड, बेचैनी
५. हातपाय गार पडणं, धाप लागणं
६. लघवी कमी होणं

तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉलच द्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ओआरएस, पेज थोडं थोडं देत राहा.

अजून एक गोष्ट. डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो, असं नाही. दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो. म्हणून आधी डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

हा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे मुलं शाळेत असतानाही. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही काही महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊ नका, आठवड्यातून एकदा टाकी, बादल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या घासून कोरड्या करा.

आणि शिक्षकांनो, तापातून उठून आलेलं मूल गप्प बसलं असेल, तर "आज शहाणा झालास!" म्हणण्याआधी एकदा विचारा, "बाळा, पोट दुखतंय का?"