नाकतोड्याचा ताप

मुलांनो, आपल्याला ताप आला की अंग तापते. रोगजंतूंशी लढायची ती शरीराची एक युक्तीच असते. मग किड्यांना ताप येतो का? येतो, पण तो त्यांना उन्हातून आणावा लागतो!

नाकतोडा, टोळ यांचे अंग आपल्यासारखे आतून सारखे गरम राहत नाही. सावलीत बसले की गार, उन्हात बसले की गरम. ऊन हीच त्यांची शेकोटी.

आता त्यांचा शत्रू पाहू. मेटारायझियम नावाची एक बुरशी आहे. तिचे बारीक बीजाणू टोळाच्या अंगाला चिकटतात, रुजतात, कातडीला भोक पाडून आत शिरतात आणि रक्तात वाढतात. काही दिवसांत टोळ मरतो. हवा दमट असेल तर मेलेल्या टोळावर हिरवी बुरशी चढते.

पण या बुरशीला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. फार उष्णता तिला सोसत नाही. म्हणून आजारी वाळवंटी टोळ उन्हात जास्त वेळ बसतो आणि अंग ४० अंशांच्याही वर तापवतो. बुरशी पुरती मरत नाही, पण दबून राहते. तेवढ्यात टोळ जास्त दिवस जगतो, अंडीही घालतो. ढगाळ हवा आली की बुरशी पुन्हा उचल खाते.

मधमाश्या तर सगळ्या मिळून ताप आणतात. त्यांच्या पिलांना एका बुरशीमुळे रोग होतो. पिले मरून खडूसारखी कडक होतात. पोळे गार पडले की हा रोग बळावतो. अशी बुरशी पोळ्यात आली की माश्या पंखांचे स्नायू थरथरवून पोळे थोडे जास्त गरम करतात, असे २००० साली छापलेल्या एका अभ्यासात दिसले.

पालकांनीही हे ध्यानात घ्यावे. उसातल्या हुमणीसाठी आपले शेतकरी मेटारायझियमच वापरतात. हुमणी मुळांजवळ मातीत राहते. टोळासारखे उन्हात बसून अंग शेकणे तिला कुठले जमणार? शिवाय कडक उन्हाने बीजाणू मरतात. म्हणून हे औषध ऊन उतरल्यावर, जमिनीत ओल असताना द्यावे.

करून पाहा : सकाळी बांधावर नाकतोडे शोधा. किती उन्हात बसलेत, किती सावलीत? दुपारी पुन्हा मोजा आणि वहीत लिहा. मात्र उन्हात बसलेला प्रत्येक नाकतोडा आजारीच असतो असे समजू नका हं!