बीड आणि ओतीव पोलाद

घरातला बिडाचा तवा पाहा. जड असतो, भाकरी छान भाजतो. पण हातातून निसटून फरशीवर पडला, की झाले दोन तुकडे! आता शेतातली पहार घ्या. ती दगडावर कितीही आपटा. बोथट होईल, फार तर वाकेल. पण सहसा तुटणार नाही. दोन्ही वस्तू लोखंडाच्याच. मग हा फरक कशाने पडला?

हा फरक कार्बनचा. कार्बन म्हणजे कोळशातले मुख्य द्रव्य. १०० किलो बिडात साधारण ३ किलो कार्बन असतो. साध्या ओतीव पोलादात १०० किलोमागे तो पाव ते अर्धा किलोच असतो. बिडात हा कार्बन बारीक पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. जोराचा मार बसला, की त्या पापुद्र्यांवरून धातू चिरत जातो. फुटलेल्या बिडाच्या ताज्या तोंडावर बोट फिरवून बघा. बोट काळे होते. ते काळे म्हणजे हाच कार्बन.

म्हणून बिडाला नावे ठेवू नयेत. ते लवकर वितळते, पाण्यासारखे वाहते आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरते. शिवाय स्वस्त पडते. कोल्हापूरच्या ओतशाळांत आजही बिडाचेच काम मोठे आहे. साखर कारखान्यात ऊस पिळणाऱ्या मोठ्या रुळांचे वरचे कवच बिडाचेच असते. त्याचा खरखरीतपणा उसाला धरून ठेवतो. बिडावर वजन ठेवले तर ते हत्तीचेही झेलील. ओढ आणि धक्का मात्र त्याला सोसत नाही.

हे ज्याला ठाऊक नाही, त्याची गाठ संकटाशी पडते. आमच्या भागात एका विहिरीचे खोदकाम चालू होते. यारीचा एक भाग मोडला, म्हणून कोणी भंगारातून तसाच दिसणारा बिडाचा भाग आणून बसवला. चार दिवस काम चालले. पाचव्या दिवशी दगडांनी भरलेली बादली अर्ध्यावर आली आणि तो भाग कडकन तुटला. खाली दोन माणसे होती. ती कपारीला चिकटून उभी होती, म्हणून वाचली. पोलाद असते तर आधी वाकले असते, वरच्या माणसाला दिसले असते. बीड सांगून तुटत नाही.

ज्या वस्तूचा आकार बिडासारखा ओतून करायचा, पण अंगी चिवटपणा हवा, ती ओतीव पोलादाची करतात. हे काम सोपे नाही. बीड सुमारे १,२०० अंशाला वितळते. पोलादाला सुमारे १,५०० अंशांची आच लागते. पाणी १०० अंशाला उकळते, त्यावरून अंदाज करा. जुन्या काळी आपल्याकडे दक्षिणेत, आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावी, लोहार मातीच्या बंद मुशीत उत्तम पोलाद तयार करीत. पण ते मुशीतच थिजू देत, साच्यात ओतीत नसत. इंग्लंडात बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी होता. घड्याळाच्या कमानीला चांगले पोलाद मिळेना, म्हणून १७४० च्या सुमारास त्याने मुशीत पोलाद पुरते वितळवून ओतण्याची रीत बसवली. पुढे जर्मनीतल्या बोखुम गावी याकोब मायर याने पोलादाच्या घंटा ओतल्या. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्या मांडल्या, तेव्हा क्रुप नावाचा बडा कारखानदार म्हणाला, “हे बीडच आहे!” मायरने एक घंटा फोडायला लावली आणि तिचा तुकडा तापवून घणाखाली घडवून दाखवला. बीड घणाखाली फुटते, पोलाद घडते. वाद मिटला.

दुसरी अडचण आकसण्याची. निवताना बीड १०० भागांत १ भाग आकसते, पोलाद २ भाग. म्हणजे एक मीटर लांबीची वस्तू हवी, तर लाकडी नमुना दोन सेंटिमीटर मोठा करावा लागतो. नमुने करणाऱ्या सुताराची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचे सेंटिमीटर जरा मोठे आखलेले असतात. बाजारातल्या खोट्या मापासारखेच, पण हे प्रामाणिक! साच्याच्या वर रसाचा जादा साठाही ठेवावा लागतो. तो नसला तर वस्तूच्या पोटात पोकळी राहते.

आता प्रकार पाहू. साधे ओतीव पोलाद आपण रोज पाहतो. मालगाडीचे डबे एकमेकांना धरून ठेवणारे लोखंडी पंजे त्याच जातीचे असतात. औष्णिक वीज केंद्रात वाफ ५०० अंशांच्या वर तापलेली असते. तिथल्या झडपांच्या पोलादात क्रोमियम व मॉलिब्डेनम हे धातू थोडे घालतात. क्रोमियम बरेच घातले, १०० किलोत १२ किलोंच्या वर, की पोलाद सहजी गंजत नाही. दूध डेअरीतल्या पंपांना ते लागते.

सर्वांत नवलाचे पोलाद मँगनीजचे. रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रजाने १८८२ साली ते शोधले. त्यात १०० किलोमागे १२-१३ किलो मँगनीज असते. आपला लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा विळा कडक होतो. हे पोलाद लालभडक तापवून पाण्यात बुडवले, तर उलट चिवट होते! आणि वरून जसजसा मार बसेल, तसतसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. म्हणून खडी फोडण्याच्या यंत्राचे जबडे याचे करतात. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथले तुकडेही याचेच असतात.

खडीच्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. मँगनीज पोलादाला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही. त्याच्या नावाने विकलेल्या जबड्याला चुंबक घट्ट चिकटला, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला जाब विचारा.

बीड ओळखायचे तर एका कडेला छिन्नी लावून बघा. बिडाचा भुगा पडतो. साध्या पोलादाची चिपळी वळून निघते. मोडलेला बिडाचा भाग वेल्डिंगवाल्याकडे नेला, तर त्याला आधीच सांगा की हे बीड आहे. त्याला निकेलची कांडी लागते, भाग आधी तापवावा लागतो आणि नंतर सावकाश निवू द्यावा लागतो. साध्या कांडीने घाईत जोडले, तर सांध्याच्या शेजारीच नवी चीर पडते. आणि ज्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे, असा भाग जोडून वापरूच नका. मोडलेला तुकडा सोबत घेऊन दुकानात जा आणि त्याच जातीचा नवा भाग मागा.