परागकण, स्टोक्सचा नियम आणि मेलबर्नचं वादळ

फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायव्हात हमखास विचारला जाणारा स्टोक्सचा नियम आठवतोय ना? सूत्र धडाधड म्हणायचं, मार्क मिळाले की विसरायचं! पण शहराच्या हवेत परागकण कसे पसरतात याचं मॉडेल करायला बसलं की हाच नियम पुन्हा समोर येतो.

असं मॉडेल मुख्यतः तीन प्रश्न सोडवतं.

पहिला, कण सुटतात कुठून आणि केव्हा? त्यासाठी गवत आणि झाडं कुठे आहेत, फुलोरा कधी येतो, हवा कोरडी आहे की दमट, हे सगळं लागतं.

दुसरा, वारा त्यांना कुठे नेतो? मोकळ्या माळावर हे त्यामानाने सोपं. शहरात मात्र इमारतींमुळे भोवरे तयार होतात. दोन्ही बाजूंना उंच बिल्डिंगा असलेल्या रस्त्यात हवा गोल गोल फिरत राहते. अशा रस्त्याला स्ट्रीट कॅन्यन म्हणतात.

तिसरा, कण खाली केव्हा बसतात? इथे स्टोक्ससाहेब येतात. कण खाली येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. गवताचा परागकण साधारण ३५ मायक्रॉनचा धरू आणि घनता पाण्याइतकी. वेग येतो सेकंदाला सुमारे ३.७ सेंटिमीटर. तापलेल्या हवेने तो १०० मीटर वर नेला, तर शांत हवेत खाली यायला त्याला ४५ मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात सेकंदाला ३ मीटरचा वारा त्याला ८ किलोमीटर लांब नेईल. म्हणजे शहराबाहेरच्या गवताचा त्रास शहरातल्या माणसाला!

आता खरी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये कडक ऊन होतं आणि संध्याकाळी गडगडाटी वादळ आलं. बघता बघता शहरभर लोकांना धाप लागली. पुढच्या तीसेक तासांत श्वासाच्या त्रासाचे नेहमीपेक्षा ३,३०० हून जास्त पेशंट इमर्जन्सी विभागांत आले. दहा जण दगावले. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना दमा असल्याचं आधी निदानच झालेलं नव्हतं, फक्त परागांमुळे सर्दी-शिंका व्हायच्या.

त्या दिवशी हवेत रायग्रास या गवताचे पराग भरपूर होते, घनमीटरमागे शंभराहून जास्त. पण इतके पराग असलेले दिवस एरवीही येतात आणि असं काही न होता जातात. मग त्या दिवशी काय वेगळं झालं?

शास्त्रज्ञांचं स्पष्टीकरण असं. अख्खा परागकण मोठा असतो, तो बहुतेक नाका-घशातच अडकतो. वादळात मात्र कण वर ओढले जातात, ओलाव्याने फुगून फुटतात आणि आतले ३ मायक्रॉनपेक्षाही लहान तुकडे बाहेर पडतात. वादळातून खाली कोसळणारी थंड हवा ते जमिनीलगत पसरवते आणि ते थेट फुप्फुसात खोलवर जातात.

आता सूत्रात ३५ ऐवजी २.५ मायक्रॉन घाला. व्यास १४ पट लहान, म्हणून वेग जवळपास २०० पट कमी! ४५ मिनिटांचे सहा दिवस होतात. म्हणजे हे तुकडे व्यवहारात खाली बसतच नाहीत.

परागकण मोजायचं नेहमीचं यंत्र गच्चीवर बसवतात. ते मिनिटाला १० लिटर हवा ओढून कण चिकटपट्टीवर पकडतं, मग मायक्रोस्कोपखाली अख्खे कण मोजतात. म्हणजे सूत्र बरोबर, मोजणीही बरोबर, पण लोकांच्या छातीत जे गेलं ते त्या मोजणीत नीट दिसतच नव्हतं.

या दुर्घटनेनंतर, २०१७ पासून, व्हिक्टोरिया राज्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात खास अंदाज दिला जातो. गवताचे पराग आणि वादळ या दोन्हींचा एकत्र विचार करून धोका कमी, मध्यम की जास्त ते आधीच सांगतात. धोका जास्त असेल तर वादळाआधीचा सोसाट्याचा वारा सुटताच घरात जायचं, खिडक्या लावायच्या आणि दमा असेल तर इनहेलर जवळ ठेवायचा, असा सल्ला असतो.

थोडक्यात काय, तर पुढच्या व्हायव्हात स्टोक्सचा नियम जरूर म्हणा. पण त्यातला डी नेमका कशाचा व्यास आहे, हेही एकदा स्वतःला विचारा. मेलबर्नमध्ये त्या एका अक्षरावर माणसांचे जीव अवलंबून होते.