कपाळामागे कोण बसलंय?

मराठीत डोक्यावर जेवढे वाक्प्रचार आहेत तेवढे दुसऱ्या अवयवावर क्वचितच असतील. डोकं फिरलं, डोक्यात राख घातली, डोकं ठिकाणावर आहे का, डोक्यावर बर्फ ठेव... पण प्रेम आपण काळजात ठेवतो, राग मनात ठेवतो, आणि स्वभावाला तर औषधच नाही म्हणून मोकळे होतो! मीही तेच समजत होतो, माझ्या मामांचा अपघात होईपर्यंत.

मामा एका पतसंस्थेत हिशोब लिहायचे. कमी बोलणारे, पै-पैचा हिशोब ठेवणारे. पौड रस्त्यावर, लवळे फाट्याच्या अलीकडे त्यांची मोटरसायकल खडीवरून घसरली. हेल्मेट घरी खुंटीला. चार दिवस शुद्ध नव्हती, मग शुद्धीवर आले. हात-पाय शाबूत, बोलणं स्पष्ट, सगळ्यांची नावं आठवतात. 'देवाची कृपा, थोडक्यात निभावलं' असं जो तो म्हणाला.

पण घरी आलेले मामा वेगळेच होते. चारचौघांत शिव्या द्यायचे. एका मयताला गेले आणि तिथे मोठ्याने हसले. दुकानदाराने आग्रह केला म्हणून गरज नसताना हप्त्यावर मोठा टीव्ही घेऊन आले. तीन अंकी गुणाकार मात्र तोंडी बिनचूक! नातेवाइकांनी निदान करून टाकलं: कुणी म्हणे बाधा झाली, कुणी म्हणे माजला. शेवटी एका मेंदूतज्ज्ञांनी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून कपाळामागचा डाग दाखवला. मामींनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे डॉक्टर, हा यांचा स्वभाव नाही?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे वाचलं ते तुमच्यापुढे मांडतो. बायोलॉजी बारावीतच सुटलेल्यांनी घाबरू नये, सगळं आपल्या भाषेत आहे.

थोडी ओळख यंत्राची

मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ २० टक्के हा एकटाच खातो. यात साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत. आपल्या विषयासाठी दोन भाग लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला 'अमिग्डाला'. बदामाएवढा, बदामाच्याच आकाराचा, कानशिलांच्या आत खोलवर दोन्ही बाजूंना एकेक. धोका ओळखणं, भीती वाटणं, अंगावर काटा येणं यात याचा मोठा हात. अंधारात दोरी पाहून आपण आधी उडी मारतो आणि 'अरे, दोरीच आहे' हे मागाहून कळतं, ती उडी याच्या कृपेने.

दुसरा 'प्रीफ्रंटल कॉर्टेक्स', म्हणजे कपाळाच्या लगेच मागचा भाग. 'थांब, परिणाम काय होईल?' हे विचारणारा. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर खालून येणाऱ्या जोरदार सिग्नलला फीडबॅक देऊन आवरणारा कंट्रोलर. सरांचा राग आला तरी तोंडातून शब्द बाहेर पडत नाही, तो याच्यामुळे. अर्थात मेंदूत एका कामाला एकच खोली असं नसतं, अनेक भाग एकमेकांशी जोडून काम करतात. पण हा कंट्रोलर बिघडला तर काय होतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं आहे.

सुरुंग आणि पहार

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडणं चाललं होतं. आपल्या भोर घाटातलं रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ या काळातलं, म्हणजे जवळजवळ त्याच जमान्यातलं. खडकाला भोक पाडायचं, दारू भरायची, वर माती टाकून लोखंडी पहारेने ठासायचं, अशी ती रीत. २५ वर्षांचा मुकादम फिनिअस गेज ठासत असताना ठिणगी पडली. साडेतीन फुटांहून लांब आणि सुमारे ६ किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरली आणि कवटी फोडून वर निघून गेली.

गेज मेला नाही! थोड्याच वेळात तो बोलू लागला, चालूही शकला. डॉक्टर जॉन हार्लो यांनी त्याला बरं केलं. पण पूर्वी शांत, हुशार आणि मालकांचा लाडका असलेला मुकादम आता शिवराळ, लहरी, एक बेत करून लगेच सोडून देणारा झाला. त्याच्या मित्रांना तो जुना गेज वाटेना. मालकांनी त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही. १८६० मध्ये तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार आजही अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

गोष्टीचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. हाच गेज पुढे चिली देशात काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम करत होता. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ. रोजच्या शिस्तीने त्याला बराच सावरला असावा, असं आता काही अभ्यासक मानतात.

भावनेशिवाय निर्णय? अशक्य!

आपण इंजिनिअर मंडळी समजतो की भावना बाजूला ठेवली की निर्णय अचूक येतो. आंतोनिओ दामासिओ या मेंदूतज्ज्ञाने १९९४ साली आपल्या पुस्तकात एका रुग्णाची हकिकत मांडली. गाठ काढताना त्याच्या कपाळामागचा भाग गेला. बुद्ध्यंक उत्तम राहिला, स्मरणशक्ती उत्तम राहिली, पण भावना जवळजवळ विझल्या. आता हा माणूस सर्वांत तर्कशुद्ध निर्णय घेणार, नाही का? घडलं उलटंच. साध्या साध्या निवडीत तो तासन् तास अडकायचा. नोकरी गेली, पैसा बुडाला, संसार मोडला.

याच गटाने पत्त्यांचा एक खेळ केला. चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत मोठा फायदा दिसतो, पण मधूनच त्याहून मोठा तोटा होतो. उरलेल्या दोन्हींत फायदा थोडा, पण शेवटी माणूस नफ्यात. निरोगी लोकांच्या तळहाताला वाईट गड्डीकडे हात नेतानाच हलका घाम येऊ लागला, तेही 'ही गड्डी वाईट का' हे त्यांना सांगता येण्याआधी. कपाळामागे इजा झालेल्यांना हा घाम आलाच नाही, आणि ते तोट्याच्या गड्ड्या उचलत राहिले. म्हणजे भावना ही निर्णयातली अडचण नव्हे, तो निर्णयाचा एक इनपुट आहे. मामांना गुणाकार येत होता, पण टीव्हीच्या हप्त्याची धास्ती वाटत नव्हती. आता कळलं ना?

आपल्या वयाचं काय?

हा पुढचा भाग पूर्ण पिकतो साधारण पंचविशीत. म्हणजे तुमचं-माझं वायरिंग अजून चालू आहे! २००५ सालच्या एका प्रयोगात मुलांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला. एकटे असताना आणि मित्र बघत असताना. मित्र बघत असले की तरुण मुलं जास्त धोका पत्करत. २४ वर्षांपुढच्यांवर मित्रांचा असा परिणाम दिसला नाही. ट्रिपल सीट बसून कॉलेजच्या टेकडीवरून उतरणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

व्यसनाचंही असंच. दारू किंवा ड्रग्ज मेंदूतल्या बक्षिसाच्या यंत्रणेला इतकं वळण लावतात की कपाळामागचा ब्रेक लागेनासा होतो. 'त्याला इच्छाशक्तीच नाही' असं म्हणणं सोपं आहे. पण पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने हाच विचार रुजवला की व्यसनी माणूस वाईट नाही, आजारी आहे. उपचार, आखलेला दिनक्रम आणि सोबत मिळाली तर तो सावरू शकतो.

आता थोडं गणित

मेंदू कवटीत द्रवात तरंगतो. डोकं अचानक थांबलं की मेंदू पुढे सरकतो. कपाळाच्या आत, डोळ्यांच्या खोबणींवरचं हाड खडबडीत आहे. म्हणून डोकं मागे आपटलं तरी खरचटतो तो बहुतेकदा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग.

नुसतं गाडीवरून पडलं तरी डोकं साधारण १.५ मीटर खाली येतं. थांबण्याचा वेग सरासरी धरला तर सूत्र सोपं आहे: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, उत्तर 'जी'च्या पटीत. उघडं डोकं डांबरावर ५ मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरू: १५०० भागिले ५, म्हणजे ३०० जी. हेल्मेटच्या आतला थर्माकोल २५ मिलिमीटर चेपला तर १५०० भागिले २५, म्हणजे ६० जी. फरक पाचपट! आणि ४० किलोमीटर वेगाने थेट भिंतीवर आदळणं म्हणजे सव्वासहा मीटरवरून पडणं. वरचं कवच नव्हे, आतला थर्माकोल जीव वाचवतो. म्हणून आयएसआय मार्क नसलेली टोपी रस्त्याकडेला स्वस्तात घेऊ नका, आणि पट्टा न लावता घालू नका.

१ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली तेव्हा मोर्चे निघाले. मान दुखते, केस गळतात, गावात कसलं हेल्मेट... कारणांना तोटा नव्हता. कायदा तर १९८८ पासूनच आहे. दंडाची भीती मला सांगायची नाही. कपाळमोक्ष होऊन माणूस जातो हे आपल्याला ठाऊक आहे. माणूस राहतो आणि त्याच्यातला 'तो' जातो, हे मात्र घरात घडेपर्यंत कळत नाही.

मामा आता थोडे सावरलेत. गेजसारखाच त्यांचाही दिवस आखलेला आहे. खिशात छोटी वही असते. शंभर रुपयांवरची खरेदी मामींना विचारल्याशिवाय नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. म्हणजे बाहेरून बसवलेला कंट्रोलरच म्हणा ना! मामींना डॉक्टरांनी त्या दिवशी उत्तर दिलं होतं, "नाही हो, ही जखम आहे. फक्त दिसत नाही." तेव्हापासून मामी त्यांच्यावर चिडल्या तरी त्यांना नावं ठेवत नाहीत.

खुंटीवरचं ते हेल्मेट मामींनी मला दिलं. जुनं झालं होतं म्हणून मी नवीन घेतलं, आणि मागे बसणाऱ्यासाठी आणखी एक. सुटल्यावर कुणाला चांदणी चौकापर्यंत लिफ्ट हवी असेल तर जरूर विचारा. अट एकच!