मैदानी तारेचे रीळ : निगा आणि सुटे भाग

युद्धभूमीवर टेलिफोनची तार खांबांवरून नेण्यास सवड नसते. ती जमिनीवरूनच, झुडपांतून आणि ओढ्यांतून पसरावी लागते. काम संपले की पुन्हा गुंडाळून घ्यावी लागते. दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) बिनतारी यंत्रे होती, तरी तोफखाना आणि पुढच्या तुकड्या यांना जोडण्यासाठी अशा तारेचा फार मोठा आधार होता. ‘मारा थांबवा’ हा निरोप वेळेवर पोहोचला नाही, तर आपलेच सैनिक आपल्याच तोफांच्या माऱ्यात सापडत. म्हणून तार आणि ती वाहून नेणारे रीळ, दोन्ही धड असणे अत्यावश्यक असे.

उदाहरणादाखल अमेरिकन सैन्याचे साहित्य घेऊ. महायुद्धात त्यांची डब्ल्यू-११०-बी ही जोडतार वापरात होती. तिच्या एका मैलाचे वजन सुमारे १३० पौंड, म्हणजे ५९ किलोग्रॅम भरे. पुढे आलेल्या डब्ल्यूडी-१ तारेचे वजन मैलाला फक्त ४८ पौंड, म्हणजे सुमारे २२ किलोग्रॅम. हिच्या प्रत्येक वाहकात सात बारीक तारा असतात : चार तांब्याच्या आणि तीन पोलादाच्या. तांबे वीज चांगली वाहून नेते, पोलाद ताण सोसते. वर पॉलिथिनचे विद्युतरोधक वेष्टन आणि त्यावर घर्षण सोसणारे नायलॉनचे आवरण असते.

ही तार पसरण्याची दोन साधने पाहा. आरएल-२७ म्हणजे सुमारे अडीच फूट लांबीचा पोलादी आस. दोन टोकांना दोन मुठी, आणि काढता-घालता येणारा फिरवण्याचा दांडा. रीळ मध्ये ओवून दोघांनी आस धरायचा आणि चालायचे. आरएल-३१ ही पोलादी नळ्यांची घडीची चौकट आहे. तिला ब्रेकही असतो.

ब्रेक कशासाठी?

पतंग उडवताना फिरकी धरणारा मित्र काय करतो ते आठवा. ढील देताना तो फिरकी मोकळी सोडतो, पण तळहातांचा हलका दाब ठेवतो. दाब ठेवला नाही तर पतंग थबकला तरी फिरकी गरगरत राहते आणि मांजाचा गुंता होतो. कारण फिरत्या वस्तूला जडत्व असते. तारेचे भरलेले रीळ तर फिरकीच्या कितीतरी पट जड. चालणारा सैनिक एकदम थांबला की रीळ पुढे फिरत राहते आणि सैल वेटोळी एकमेकांत अडकतात. पुढच्या झटक्याला तार तुटू शकते.

आता थोडे गणित. समजा, भरलेल्या रिळाचा व्यास ३० सेंटिमीटर आहे आणि तार संपत आल्यावर तो १० सेंटिमीटर उरतो. भरलेल्या रिळाच्या एका फेऱ्यात सुमारे ९४ सेंटिमीटर तार सुटते, शेवटी फक्त ३१ सेंटिमीटर. सेकंदाला दीड मीटर वेगाने चाललात, तर सुरुवातीला रीळ सेकंदाला १.६ फेरे घेईल, शेवटी ४.८. ब्रेकचा रोध तोच ठेवला, तर तारेतला ताणही तिप्पट होतो. कारण ताण गुणिले त्रिज्या हा गुणाकार ब्रेकच्या रोधाइतका असावा लागतो आणि त्रिज्या तर एकतृतीयांश झाली. म्हणून तार संपत जाईल तसा ब्रेक सैल करावा लागतो.

निगा

रिळाच्या प्रत्येक भागाचे काम कळले की त्याची निगा कशी राखावी हे पाठ करावे लागत नाही.

१. कडा : रिळाची कड वाकली किंवा गंजून धारदार झाली तर तारेचे आवरण कापले जाते. चिरेतून पाणी शिरते, वीज जमिनीत झिरपते आणि आवाज क्षीण होतो. कड सरळ करावी, गंज घासून काढावा, रंगाचा हात द्यावा.

२. आस आणि बेअरिंग : रॉकेलने धुऊन, पुसून, नवे ग्रीस भरावे. ग्रीसमध्ये माती राहिली तर ते घासणीच्या पुडीसारखे काम करते.

३. ब्रेक : इथे मात्र तेलाचा थेंबही नको. आपल्याला हवे आहे तेच घर्षण तेलाने नाहीसे होते.

४. दांडा : तार सोडताना दांडा काढून ठेवावा. गरगरणारा दांडा मनगट मोडू शकतो.

५. गुंडाळणे : तार जमिनीवरून ओढत आणू नये, रीळ घेऊन तारेच्या दिशेने चालावे. हातमोजा घालून तारेवरचा चिखल पुसत, फेऱ्याशेजारी फेरा नीट बसवावा.

सुटे भाग कसे मिळवावेत?

जुनी रिळे आता संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे असतात. एखादा भाग हरवला असेल तर प्रथम नावाची पट्टी वाचा. आरएल-३१ पुढे बी, सी असे अक्षर असेल तर तो सुधारित नमुना. त्याचे सगळे भाग दुसऱ्या नमुन्यास बसतीलच असे नाही. पट्टीवर साठा-क्रमांकही असू शकतो. १९७४ पर्यंत अमेरिकन साठा-क्रमांक ११ अंकी होते, त्यानंतर १३ अंकी झाले. जुन्या क्रमांकाच्या पहिल्या चार अंकांनंतर ०० घातले की नवा क्रमांक मिळतो. ते चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात : ८१३० म्हणजे रिळे, ६१४५ म्हणजे विजेच्या तारा.

मूळ भाग मिळाला नाही तर व्हर्निअर कॅलिपरने मापे घेऊन लेथवर नवा करून घेता येतो. पण आट्यांकडे लक्ष द्या. पाव इंची अमेरिकन बोल्टला इंचामागे २० आटे असतात. आपल्याकडच्या जुन्या पाव इंची व्हिटवर्थ बोल्टलाही २०च! मात्र अमेरिकन आट्याचा कोन ६० अंश, व्हिटवर्थचा ५५. नट चढतो, पण नीट बसत नाही.  केवळ ‘बसला’ म्हणून भाग योग्य ठरत नाही. भार सोसला तरच योग्य. नव्या भागावर तो नवा असल्याची खूण करावी आणि जुना मोडका भाग जपून ठेवावा. पुढच्या दुरुस्तीसाठी तोच नमुना असतो.

करून पाहा

दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर जाड सुतळी भरपूर गुंडाळा आणि ते पेन्सिलीवर ओवा. मित्राला सुतळी धरून चालायला व मध्येच थांबायला सांगा. काय होते? आता रिळाच्या कडेला पुठ्ठ्याचा तुकडा हलके टेकवून पुन्हा पाहा. भरलेल्या आणि रिकाम्या होत आलेल्या रिळाचे एक मीटर सुतळीमागे किती फेरे होतात ते मोजा.

प्रश्न : रीळ रिकामे होत जाते तसे गुंता होण्याचे भय कमी होते की वाढते? उत्तर देताना जडत्व आणि वेग, दोन्हींचा विचार करा.